क्लचप्लेटवरचे पाच ठिपके

मला गाड्यांचा राग आहे. नावड नव्हे, राग. आमच्या भागात बस यावी म्हणून मी चार वर्षं दारोदार पत्रकं वाटते आहे. अमेरिकेतल्या आमच्या या ट्रॉयमध्ये दारोदार म्हणजे काय, ते इथे चाललेल्या माणसालाच कळेल. एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत जायला धड फुटपाथ नाही. लोकांच्या हिरवळीवरून जावं लागतं, आणि चोराकडे बघावं तसे लोक खिडकीतून बघतात. दूध आणायचं तर गाडी, लायब्ररीत जायचं तर गाडी, दोन ब्लॉकवरच्या जिममध्ये चालायच्या मशीनवर चालायला जायचं तरी गाडी! माझं पहिलं पत्रक याच वाक्याने सुरू होत होतं. माझ्या नावावर आजही गाडी नाही. सायकल आहे.

आणि माझ्या आईच्या गॅरेजमध्ये साठच्या दशकातली मसल कार आहे. दोन दारं, लांबलचक नाक, मेथीच्या भाजीसारखा गडद हिरवा रंग, आणि सुरू केली की शेजाऱ्यांच्या खिडक्या थरथराव्यात असं इंजिन. पर्यावरणाला लाथ मारायचीच ठरवून कुणीतरी बनवलेली वस्तू.

आईबद्दल आधी सांगते. आई गिअरबॉक्सची इंजिनिअर. आधी चिंचवडला, मग मी दहा वर्षांची असताना आम्ही इथे आलो ते तिच्याच नोकरीमुळे. बाबा सॉफ्टवेअरमध्ये, पण आमच्याकडे नळ गळला तर आई, दिवा गेला तर आई. निवृत्त झाल्यावर दुसऱ्याच महिन्यात तिने ही गाडी घेतली. मैत्रिणी चारधामला जातात, ही ओहायोत जाऊन गाडी ट्रेलरवर घालून घेऊन आली. त्याच्या कितीतरी आधी, मी सोळा वर्षांची असताना, तिने मला विचारलं होतं, "गिअरची गाडी शिकतेस? मी शिकवते." मी तेव्हा नुकतीच शाळेतल्या पर्यावरणाच्या चळवळीत पडले होते. मी तिला काय उत्तर दिलं असेल? मी तिच्या हातात चळवळीचं एक पत्रक दिलं. तिने ते नीट वाचलं, घडी घालून फ्रिजवर चुंबकाने लावलं, आणि परत कधी विचारलं नाही.

हे मुद्दाम आधी लिहिते आहे. कारण पुढे मी जे केलं, त्यात माझ्यावर अन्याय झाला होता असं कुणाला वाटायला नको. मला बोलावलं होतं. मी गेले नव्हते.

गेल्या सप्टेंबरात गाडीचा क्लच गेला. चढावर इंजिन ओरडायचं आणि गाडी जागच्या जागी. आई म्हणाली, क्लचप्लेट झिजली, बदलायची. घरीच. पण तिचा उजवा खांदा धरलेला. हात खांद्याच्या वर जात नव्हता, आणि क्लच बदलायचा म्हणजे गाडीखाली आडवं पडून दोन्ही हात वर करून सगळं काम. गाडी चार स्टँडवर चढवायची, मागच्या चाकांकडे जाणारा लांब शाफ्ट काढायचा, मग अख्खा गिअरबॉक्स जॅकवर घेऊन मागे सरकवत खाली उतरवायचा. तेव्हा कुठे क्लच दिसतो.

मला वाटलं, विचारेल. मी 'नाही' म्हणायची तयारीसुद्धा केली होती.

तिने वहिनीला विचारलं.

वहिनी म्हणजे दादाची बायको. दादा अ‍ॅशबर्नला डेटा सेंटरच्या कामावर आहे, महिन्यातून एकदा येतो. वहिनीची नोकरी इकडची, म्हणून ती इकडेच, आमच्यापासून पंधरा मिनिटांवर. ती फ्लिंटची, गाड्यांच्या कारखान्यांच्या गावची. गोरी, उंच, आणि मनगटं अशी की लोणच्याची घट्ट बसलेली बरणी आमच्याकडे तिच्याच हातात देतात. तिचे आजोबा आणि वडील दोघंही कारखान्यात गाड्या जोडायच्या लाइनवर होते, दोघंही संपावर गेलेले. तिचं मराठी म्हणजे 'आई', 'बास', 'थोडंसंच' आणि 'काय रे देवा'. बाकी सगळं ती इंग्रजीत बोलते. मी इथे मराठीत लिहिते आहे एवढंच.

आता माझी अडचण बघा. मी चार वर्षं ज्या माणसांच्या बाजूने लिहिते, ज्यांना पत्रकात 'कष्टकरी' म्हणते, ती ही. माझा जन्म चिंचवडच्या फ्लॅटमधला, वाढ ट्रॉयच्या चार बेडरूममधली. मी 'कामगारांचे हात' असं शीर्षक दिलं होतं एका लेखाला, आणि माझ्या हातांना आयुष्यात ग्रीस लागलं नव्हतं. तिने लेख वाचून मनापासून सांगितलं, "छान लिहिलंयस. माझ्या डॅडला पाठवते." मी आठवडाभर नीट जेवले नाही. एखादीने निदान थोडं वाईट तरी असावं!

पहिल्या शनिवारी मी गॅरेजच्या पायरीवर पत्रकांच्या घड्या घालत बसले होते. घड्या घालायला माझ्या अपार्टमेंटमध्ये जागा नाही, हे खोटं कारण. मला बघायचं होतं. आई प्लास्टिकच्या स्टुलावर, गाडीच्या बाजूला वाकून. गाडीखालून वहिनीचे फक्त बूट दिसत होते.

"डावीकडचा वरचा बोल्ट. लागला हाताला?"

"लागला. जाम आहे, आई."

"शिवी दे त्याला."

वहिनीने दिली. इंग्रजी, सणसणीत, फ्लिंटची. आई हसली. तोंडावर हात न ठेवता, खिंकाळून. मी त्या हसण्यासाठी कॉलेजात असताना विनोद पाठ करून यायचे. आणि इथे एका शिवीत!

बाबा दारातून डोकावले. "चहा घरात की गॅरेजात?"

"गॅरेजात. आणि तिच्या चहात साखर नको, ती घेत नाही," आई म्हणाली.

मीही घेत नाही. तीन वर्षं झाली. माझ्या चहात साखर आली.

दुपारी गिअरबॉक्स उतरला. जुनी क्लचप्लेट बाहेर आली. तव्याएवढी चकती, दोन्ही बाजूंना तपकिरी अस्तर, झिजून झिजून रिवेटपर्यंत गेलेलं. आईने ती वहिनीच्या हातात देऊन शिकवलं, अस्तर कसं पकडतं, कसं सोडतं. मग नव्या प्लेटचा खोका दाखवून म्हणाली, "एक लक्षात ठेव. नवीन अस्तराला बोट लावायचं नाही. कडेने धरायचं. तेलाचा, ग्रीसचा एक थेंब लागला की संपलं, गाडी थरथरते." हे मी ऐकलं होतं. घड्या घालता घालता, नीट ऐकलं होतं. खोटं कशाला लिहू?

वहिनी परत गाडीखाली शिरली, तेवढ्यात पुण्याहून मावशीचा फोन आला. आईने स्पीकरवर घेतला. मावशी म्हणाली, "अगं त्या खांद्याने कसली कामं करतेस?"

"मी कुठे करते? मी नुसती बोलते. हात हिचे," आई म्हणाली आणि गाडीखालच्या बुटांकडे बघून हसली. "हेच आता माझे हात."

मी घड्या तशाच पिशवीत कोंबल्या आणि सायकल काढली. अकरा मैल. सबंध रस्ताभर मी मनात एक पत्रक लिहीत होते. त्यात मागण्या होत्या, पण त्या कुणाकडे करायच्या ते कळत नव्हतं.

पुढच्या शनिवारी खंडेनवमी. म्हणजे पंचांगातली नव्हे. अमेरिकेत सगळे सण शनिवारीच येतात. आमच्याकडे खंडेनवमीला आईच्या हत्यारांची पूजा होते. पाटावर नटबोल्टचे पाने, स्क्रू ड्रायव्हर, टॉर्क रेंच, झेंडूऐवजी दुकानातली शेवंती, हळदकुंकू, निरांजन. मी देव मानत नाही. पूजेच्या नावाखाली बायकांना कसं राबवतात यावर मी लिहिलेलं आहे. पण त्या दिवशी आई म्हणाली, "तू करतेस का पूजा? मला वाकवत नाही," आणि मी टुणकन उठले. कारण गॅरेजातली ही एकच गोष्ट अशी होती, की जी मला येते आणि वहिनीला येत नाही.

पाने झाले, रेंच झाला. आई शिरा आणायला आत गेली. वहिनी हात धुवायला. खोका बाकावर होता. मी नवी क्लचप्लेट काढली, पाटावर ठेवली. कुंकू चिकटेना. मग मी बोट निरांजनातल्या तुपात बुडवलं, कुंकवात घोळलं, आणि अस्तरावर पाच ठिपके लावले. गोल, नीटस, अंतर राखून.

मी असं का केलं? थोडं, मला त्या कामात माझं काहीतरी हवं होतं म्हणून. थोडं, आईचं 'बोट लावायचं नाही' हे वाक्य मला त्या क्षणी आठवत होतं म्हणून. किती कशाचं, हे मी अजून ठरवू शकलेले नाही.

वहिनी आली. हात पुसत बघत राहिली.

"हे... असंच राहू द्यायचं?"

"हो."

"पण आई म्हणाली होती अस्तराला..."

"ते ग्रीसबद्दल. हे कुंकू आहे. आमच्यात पुसत नाहीत."

"विचारू का आईला?"

"विचार ना," मी म्हणाले. "तिला एवढंच वाटेल की चार वर्षं झाली लग्नाला, आणि हिला अजून यातलं काही कळत नाही."

आमच्यात! देवाचं नाव निघालं की सभेतून उठून जाणारी मी, 'आमच्यात' म्हणाले. ज्या शब्दाने लोकांना दाराबाहेर ठेवतात, तोच काढला आणि तिच्या अंगावर फेकला. तिचा चेहरा लाल झाला. तिने प्लेट कडेने उचलली, ठिपक्यांची बाजू वर करून पाठीवर सरकत गाडीखाली गेली. आई शिऱ्याच्या वाट्या घेऊन आली तेव्हा प्लेट जागेवर बसलेली होती.

रविवारी गाडी बाहेर काढली. आई चालवायला, वहिनी शेजारी, मी नि बाबा ड्राइव्हवेवर. आईने क्लच सोडायला घेतला आणि गाडी थरथरली. झाकण नीट न लावलेल्या मिक्सरसारखी. आईने परत प्रयत्न केला. परत तेच. तिसऱ्यांदा तर आरसा निखळून आईच्या मांडीवर पडला.

आई उतरली. वहिनी म्हणाली, "माझ्याकडून बोल्ट कमीजास्त आवळले गेले असतील." बोलताना ती माझ्याकडे बघत होती. रागाने नाही. वाट बघत होती. मी आरसा उचलून पुसायला घेतला.

त्या आठवड्यात मला जे हवं होतं ते मिळालं. आईचा मंगळवारी फोन आला. "बिचारी फार मनाला लावून घेतेय. तिला या वेळी नको बोलवायला. तू येतेस का? नुसतं मी सांगेन ते करायचं." मी 'बघते' म्हणाले. फोन ठेवला आणि किचनमध्ये एकटीच नाचले. हे मी नंतर कुणाला सांगितलेलं नाही.

शनिवारी सकाळी मी गाडीखाली होते. पाठीखाली पुठ्ठा, डोळ्यांवर चष्मा, कानाशी आईचा आवाज. "उजवीकडे. अजून. तिथेच. आता पूर्ण वजन टाक." बोल्ट सुटला की हाताला कळतं, आवाजाच्या आधी. बाबा जॅकचा दांडा धरून, "हळू गं, हळू," करत होते, आणि आई त्यांना, "तुम्ही तिला घाबरवू नका हो, बरोबर करतेय ती." बरोबर करतेय ती! मी तिथे, तोंडावर पडणाऱ्या गंजाच्या भुग्यात, इतकी सुखात होते की मला पुढचं सुचतच नव्हतं. गिअरबॉक्स उतरला. क्लचप्लेट दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटचे सहा बोल्ट आईने सांगितले तसे सोडवले. एक वळसा इकडचा, एक समोरचा, म्हणजे वाकडं होत नाही. आणि क्लचप्लेट माझ्या हातात आली.

पाच ठिपके. काळे पडलेले, पसरलेले, तुपाचा भाग अस्तरात मुरून चकाकणारा. त्याला जळक्या साजुक तुपाचा वास येत होता.

"काय दिसतंय?" आईने वरून विचारलं.

तिला स्टुलावरून दिसत नव्हतं. माझ्या बाहीला मळ होताच. चार वेळा घासलं असतं तर ठिपके म्हणून ओळखू आले नसते. नुसतं तेल वाटलं असतं, कुठून तरी गळलेलं, नाहीतर बोट लावणाऱ्याचं. बोट लावणारी म्हणून आईच्या डोळ्यांसमोर एकच माणूस होतं. आणि पुढचे सगळे शनिवार माझे होते.

"अगं, काय दिसतंय?"

"कुंकू," मी म्हणाले.

वरचा स्टूल करकरला. मग बाबांचा आवाज, "कुंकू कसं जाईल तिथे?" आणि आईचा, शांत: "तुम्ही जरा आत जा."

मी बाहेर सरकले. पुठ्ठ्यावर बसूनच सगळं सांगितलं. तूप. 'आमच्यात.' ती विचारू का म्हणाली तेसुद्धा. आईने प्लेट हातात घेतली, उजेडात तिरपी धरली.

"तुला माहीत होतं."

"हो."

"मला वाटलंच होतं काहीतरी. ती बोल्ट चुकवणारी नाही." मग म्हणाली, "मी तुला सोळाव्या वर्षी विचारलं होतं."

"माहितेय."

"मग हे काय आहे? माझ्यावरचा राग तिच्यावर?"

मी म्हणाले, राग नाही, मला ती जागा हवी होती. आई म्हणाली, "जागा मागायची असते. तू तर मागण्यांचीच पत्रकं काढतेस ना? एवढं एक जमलं नाही?" तिने प्लेट बाकावर ठेवली. "तिला फोन कर. मी नाही करणार."

मी फोन केला. जे सांगायचं ते सांगितलं. पलीकडून नुसतं, "ओके. येते."

वीस मिनिटांनी ती आली आणि डिकीतून एक खोका काढला. नवी क्लचप्लेट. तिने सोमवारीच मागवून ठेवलेली.

"तुला माहीत होतं, तर बोलली का नाहीस?" मी जवळजवळ ओरडलेच. चूक माझी, आणि ओरडतेय मीच.

"ते तू सांगायचं होतंस," ती म्हणाली. "आणि एक. पुन्हा मला 'तुला कळत नाही' म्हणालीस तर हा रेंच कुठे जाईल सांगता येत नाही."

"काय रे देवा," मी म्हणाले. ती हसली नाही. बरोबरच होतं.

आईने कामं वाटली. वहिनीने प्लेट मधोमध धरणारा शाफ्ट पकडायचा, बोल्ट मी आवळायचे. आम्ही दोघी गाडीखाली खांद्याला खांदा लावून आडव्या, कारण तिथे दुसरी जागाच नसते. सहा बोल्ट. एक इकडचा, एक समोरचा, थोडा थोडा. चौथ्याला माझा रेंच बोल्टवरून सटकला. "घाई नको. श्वास सोड आणि मग ओढ," ती म्हणाली. ठरलेला जोर लागला की वाजतो तसा टॉर्क रेंच 'कट' वाजला. सहाही वाजले. आईने या वेळी कुंकू स्वतः आणलं. कोरडं, आणि बोट लावलं ते बाहेरच्या लोखंडी खोळीला. मग दुसरं वहिनीच्या कपाळाला. मला नाही. मी थांबले होते.

संध्याकाळी गाडी स्टँडवरून उतरली. आई चालवायला बसली आणि शेजारचं दार उघडून म्हणाली, "चल गं." वहिनीला. वहिनीने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, जा. दार लागलं.

खरं तेच लिहिते. आईने क्लच सोडायला सुरुवात केली त्या क्षणी, अगदी एक क्षण, मला वाटलं, थरथरू दे. थोडीशी. आणि लगेच मी कान टवकारले, कारण आत ते सहा बोल्ट होते. गाडी लोण्यासारखी निघाली. रस्त्याला लागली, कोपऱ्यावर आईने दुसरा गिअर टाकला, तिसरा टाकला, आणि आवाज शेजारच्या घरांआड गेला. बाबा म्हणाले, "वा! काय झकास काम केलंय सूनबाईने."

"बोल्ट मी आवळलेत," मी म्हणाले.

"काय?"

"बोल्ट. आतले. सहाही मी आवळलेत, बाबा."

ते "बरं बरं" म्हणून चहा टाकायला आत गेले. मी त्यांच्या मागून ओरडले, माझ्या चहात साखर नको. आणि ड्राइव्हवेवर उभी राहिले, गाडी कुठून परत येते ते बघत. आई आली की विचारायचं होतं. मला गिअरची गाडी शिकव, असं. नीट, तोंडाने, पत्रक न देता.